फिल्टरमधला बोळा

आमचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तो जुनाच घेतला होता. कुंभारीच्या शेतात पत्र्याच्या शेडखाली तो अकरा वर्षं बंद उभा होता. माझ्यामुळे बंद पडला होता. हे मी मागच्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात नोकरीला. रविवारी शेतावर जायचो आणि जाताना मागांवरचं वाया गेलेलं सूत पिशवी भरून न्यायचो. त्याला आमच्याकडे नुसतं वेस्ट म्हणतात. इथल्या गॅरेजात हात पुसायला, तेल टिपायला फडकं नसतं, वेस्ट असतं.

ट्रॅक्टर चालवायचा तो दादा, माझा थोरला भाऊ. बैल विकल्यापासून आण्णा बेंदराला, बैलांच्या सणाला, ट्रॅक्टरलाच हार घालायचे आणि पुरणपोळीचा पहिला तुकडा दादाच्या हातात द्यायचे, बॉनेटवर ठेवायला. माझ्या हातात कधी दिला नाही. मला त्याचं काही वाटत नाही असं मी दाखवायचो.

एका रविवारी दादा तूर घेऊन बार्शीच्या बाजाराला गेला होता. ट्रॅक्टरचं ऑइल बदलायला झालं होतं. म्हटलं, तो यायच्या आत आपण करून टाकू. आपल्यालाही यंत्रातलं कळतं हे आण्णांना दिसू दे. जुन्या ट्रॅक्टरचा ऑइल फिल्टर एका लोखंडी वाटीत असतो, तांब्याएवढी वाटी, मधून एक लांब बोल्ट. बोल्ट सोडला, वाटी खाली आली, आणि वरच्या भोकातून काळं तेल मनगटावर ठिबकायला लागलं. मी वेस्टचा बोळा केला आणि भोकात कोंबला. मिस्त्री असंच करतात. फक्त ते सुताची लांब शेपूट बाहेर लोंबती ठेवतात, म्हणजे बोळा विसरत नाही. मी सगळा आत दाबला. मग वाटी डिझेलनं धुतली, नवा फिल्टर घातला, रबराची रिंग नीट बसवली, बोल्ट आवळला. बोळा आतच राहिला.

संध्याकाळी दादानं ट्रॅक्टर चालू केला. तेलाच्या दाबाचा काटा निम्म्यावर येऊन थांबला. त्यानं मला विचारलं, असं का?

"काटा जुना हाय दादा," मी म्हणालो. "तू त्याच्याकडं बघू नको."

त्यानं ऐकलं. मी शहरात यंत्रांत काम करणारा, म्हणून ऐकलं.

तिसऱ्या दिवशी नांगरता नांगरता इंजिन जाम झालं. निरोप आला तसा मी रजा टाकून गेलो. आण्णा आणि दादा बांधावर मिस्त्रीची वाट बघत होते. बघतो म्हणून मी एकटाच वाटी सोडायला बसलो. आधी सैल असलेला बोळा तेलाच्या दाबानं आत सरकून बुचासारखा बसला होता. तो पकडीनं ओढून काढला आणि पँटच्या खिशात घातला. वाटी होती तशी बसवली. घरी बायकोनं डागाचं विचारलं, तेव्हा कारखान्यातलं तेल म्हणालो.

मिस्त्रीनं सांगितलं, तेल पोचलंच नाही, बेअरिंगा वितळल्या. आण्णा त्याच्यादेखत दादाला म्हणाले, "काटा बघायला डोळं न्हाईत तुला? बैल असता तर मारलाच असतास की. आजपासनं ह्याच्यावर बसायचं न्हाय."

दादानं एकदा माझ्याकडं बघितलं. धाकट्यानं सांगितलं होतं, एवढं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. मीही म्हणालो नाही. तो बोलेल म्हणून वाट बघत उभा राहिलो. बोळा विसरणं एक वेळ चूक म्हणता येईल. त्या वाट बघण्याला काय म्हणू?

त्यानंतर दादा बार्शीला एका धान्याच्या गोदामावर राखणदार म्हणून गेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला आण्णा सांगायचे, थोरल्यानं ट्रॅक्टर मारला. मी तिथंच बसलेला असायचो, चहा पीत. दोन वर्षांपूर्वी आण्णा गेले. सांगायचं राहून गेलं असं मी स्वतःशी म्हणतो. राहून गेलं नाही, मी ठेवलं.

यंदा मी इंजिन दुरुस्त करून घेतलं. मिस्त्रीला म्हटलं, फिल्टरचं राहू दे, ते आम्ही भाऊ करू. दादाला बोलावलं. तो आला, माझे हात बघून म्हणाला, "साहेबांनी हात काळं करायचं ठरिवलं व्हय?" आणि ट्रॅक्टरखाली शिरला.

वाटी सोडली. नव्या जोडणीतलं थोडं तेल ठिबकायला लागलं. त्यानं न बघता माझ्याकडं हात केला. "वेस्ट दे." बोळा करून त्यानं भोकात घातला, वीतभर शेपूट बाहेर ठेवली. "हे असं ठिवायचं. न्हायतर आत ऱ्हातं."

त्या शेपटीकडं बघत मी सगळं सांगितलं. बोळा, पकड, खिसा.

तो वाटी पुसत राहिला. कोरडी झाली तरी पुसत राहिला.

"काट्याचं तू चुकून बोललास असं मी धरून चाललो," तो म्हणाला. "माणूस चुकतो. म्हनून गप ऱ्हायलो." आणि मग, "मला सांगून आता काय हुनार? आण्णांना सांगायचं हुतंस."

त्यानं शेपूट धरून बोळा काढला, मला दिसेल असा चाकावरच्या पत्र्यावर ठेवला. फिल्टर, रिंग, बोल्ट सगळं शांतपणे बसवलं. तेल भरलं, डबा उलटा धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबला.

मी म्हणालो, दादा, आता तू बस, तूच चालू कर.

"न्हाय. आण्णांनी बसू नको म्हटलंय. ते आता कोण मागं घेनार?"

मग मीच बसलो. इंजिन लागलं. काटा सरळ वर गेला आणि तिथंच राहिला. मी मान वळवली तेव्हा दादा हौदावर हात धूत होता, पाठ माझ्याकडं. इंजिन बंद करू की चालू ठेवू मला कळेना. दुपारच्या गाडीनं तो बार्शीला गेला.

बोळा अजून त्या पत्र्यावरच आहे. फेकायला माझा हात धजत नाही.