पोळ्याच्या दिवशी बांधलेला पंखा

मी नागपुरातून गावोगावी जातो अन् घरांवर पवनचक्की आन् सोलर दोन्ही जोडून लावून देतो. लोकाईले समजावून सांगाले दोघाईचे आवाज काढतो. सोलर म्हणजे आमचा मोठा साहेब: "ऊन पडलं तरच येईन, नाही तं सुट्टी समजा." पवनचक्की म्हणजे पावसात भिजत येणारी कामवाली बाई: "ढग असो का काही असो, आली ना मी." लोक हसतात, त्याईले समजते. माह्यं मात्र तेच ते बोलून तोंड दुखून राहिलं.

पारशिवनीकडं माह्या मावशीच्या घरावर मीच हे लावलं. मावशी मशीनमंदी कोंबडीची अंडी उबवते. एकवीस दिवस सारखी गरमी लागते, अन् गावची लाईट दोनदा दगा देऊन गेली, सगळी अंडी वाया. म्हणून मशीन सोलर अन् पवनचक्कीच्या पंख्यावरच घेतलं. "आता नाही जमलं तं मशीन विकून टाकतो," म्हणाली होती.

पोळ्याच्या दिवशी मी कन्हानले एका छतावर बोल्ट कसून राहिलो होतो. मावशीचा फोन आला. "तुह्या पंख्याले पाहून बैल बिचकून राहिले गा. आमच्या घरासमोरच पोळ्याचं तोरण बांधलं, बैल त्याच्याखालीच उभे. लोक म्हणतेत, थांबवा."

"मंग बांधून टाक ना वं, कासऱ्यानं. सोलर आहे ना."

माह्या डोक्यावर ऊन होतं. तिकडं ढग भरून आहेत का, हे मी विचारलंच नाही. जे लोकाईले रोज आवाज काढून सांगतो, तेच विसरलो.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं लाकडी बैल घेऊन त्याच तोरणाखाली, सगळं गाव त्याईच्यामागं. पंखा सोडाची कोणाले आठवण नाही. दुपारी मावशीचा फोन आला, "मशीन थंड पडलं. अंड्याईचा आज विसावा दिवस आहे."

मी बसनं गेलो. सोलरवर ढगाची सावली, अन् पंखा वाऱ्यात कासऱ्याले हिसके देऊन राहिला होता. सोडला तं घरघर फिराले लागला. मशीनचा दिवा लागला. मावशी रागावली नाही, तेच जास्त लागलं.

"लोकाईसमोर आवाज काढते ना तू?" ती म्हणाली. "मंग कोंबडीचा काढ. पिल्लं जिवंत असतीन तं बोलतीन."

मशीनजवळ बसून मी हळू हळू काढाले लागलो, कुक, कुक, कुक. काही नाही. पाठ दुखून राहिली होती, घसा कोरडा. मंग कोपऱ्यातल्या एका अंड्यातून बारीक चिवचिव आली. मंग त्याच्या बाजूच्यातून.

"चूप नको राहू," मावशी म्हणाली.

संध्याकाळ होईपर्यंत मी कोंबडीच होऊन बसलो. अर्ध्याईनं उत्तर दिलं. अर्ध्याईनं नाही.

मावशीनं चहा आणून ठेवला. "मशीन नाही विकत," म्हणाली. "पण पुढच्या पोळ्याले तू इथं येजो. बांधाचा तूच, सोडाचा तूच."

कुक, कुक करून घसा बसला होता. मी मान हलवली.