गो अहेडचे दोन अर्थ

भिंती पाडणाऱ्या मिस्त्रींना इंग्रजीचे दोनच शब्द येत, आणि दोन्ही मिळून अर्थ एकच: घाल घाव. इंजिनिअरने ‘गो अहेड’ म्हणावं आणि मिस्त्रींनी घण उचलावा. घरीही तेच. दिवा मालवू का, पंखा लावू का, सगळ्याला ‘गो अहेड’. नकार मात्र मराठीत, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत.

त्या सोमवारी त्यांनी इंजिनिअरला फोन लावला. “साहेब, ती मधली भिंत...”

“गो अहेड,” पलीकडून आवाज आला.

मिस्त्रींनी फोन खिशात टाकला आणि भिंत भुईसपाट केली. न्हाणीघर आणि बैठकीची खोली एक झाली. संध्याकाळी इंजिनिअरने कपाळाला हात लावला.

“अहो, फोनवर गो अहेड म्हणजे बोला, मी ऐकतोय. तुम्ही बोललातच नाही.”

त्याच शब्दांना असले दोन अर्थ ठेवणाऱ्या भाषेला मिस्त्रींनी मनातल्या मनात शिव्या हासडल्या. नवा अर्थ घोकत ते घरी आले.

दारात मुलगी उभी होती. एरवी चुरुचुरु बोलणारी पोर, पण वडिलांपुढे तिची दातखीळ बसे.

“बाबा, माझ्या लग्नाचं बोलायचं होतं. तो प्लंबर आहे ना...”

कामावर एकदा दोघांचं वाजल्यापासून मिस्त्री त्या प्लंबरला पाण्यात पाहत. त्याचा धंदाच पाण्याचा, त्यामुळे तो कायम तिथेच सापडे. पण नवं शिकलेलं वापरून तरी पाहावं, म्हणून ते म्हणाले, “गो अहेड.”

पोरगी बघतच राहिली. मग आत धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली. “आई, बाबा हो म्हणाले.”

मिस्त्रींच्या पायाखालची जमीन सरकली. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. “अगं, मी नुसतं बोल म्हणालो. ऐकतोय, एवढंच.”

मुलीचं हसू मावळलं. “तेही आज पहिल्यांदाच म्हणालात, बाबा.”

मिस्त्रींना फार वाईट वाटलं. बायकोने गॅस बंद केला आणि स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. ते बसले. मुलगी ओट्याकडे बघत बोलू लागली: तो कसा आहे, त्याची आई कशी आहे, घर कुठे आहे. कुणीतरी आत्ता थांबवणार असल्यासारखी ती भराभर बोलत होती.

“सावकाश सांग,” मिस्त्री म्हणाले. “नाही म्हणायला बसलेलो नाही मी.”