पंचवीस मिनिटांचं नांदेड

यवतमाळहून नांदेड पंचवीस मिनिटांवर आहे. हे मी नाही, माझ्या मोबाइलनं सांगितलं. दोन्ही विमानतळांची नावं टाकली आणि अंतर, उड्डाणाचा वेळ, सगळं झळकलं. आणखी काय चौकशी करायची माणसानं? (तिकिटाची! पण ते नंतर सुचलं.)

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला नांदेडला माझ्या साळ्याचा साखरपुडा होता. सासरची मंडळी फुलसावंगीहून आदल्या दिवशीच जीपनं पोचली. नवरीची अंगठी मात्र यवतमाळच्या सोनाराकडे केलेली, ती आणायचं काम जावयाचं, म्हणजे माझं.

"पहाटची एस.टी. पकडू," बायको म्हणाली.

"कायले? पंचवीस मिनिटाच्या कामाले सहा तास कायले घालवतं?"

"पन नांदेडले इमान जाते का?" (आमच्याकडे विमानाचं इमान होतं. हे ध्यानात असू द्या.)

"जाते म्हनूनच तर वेळ लिहिला ना!"

लगेच सासऱ्यांना फोन लावला. "मामाजी, उद्या इमानानं येतो!" मामाजी गहिवरले. खानदानात विमानातून उतरणारा पहिलाच जावई!

सकाळी दहाला नवा कोट घालून, अंगठी खिशात आणि बायको मागे, असा मी विमानतळाच्या फाटकाशी उभा राहिलो. आत गवत होतं. चौकीदार होता. विमान सोडून सगळं होतं.

"नांदेडचं इमान किती वाजता?"

चौकीदारानं माझा मोबाइल निरखून पाहिला. "भाऊ, इमान गेलं तर किती वेळ लागन, ते लिहिलं हाये. जाते असं कुठी लिहिलं?"

बायकोनं पाठ फिरवली आणि एस.टी. स्टँडची वाट धरली. 

धावतपळत एस.टी. पकडली. आता कबुली देणं भाग होतं. खिडक्या खडखडत होत्या, इंजिन गुरगुरत होतं. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "मामाजी, इमानानं सांगतो, एस.टी.त हावो!"

पलीकडून आनंदानं आवाज आला, "आयकू येऊन राह्यला इमानाचा आवाज! या, या! आम्ही घ्यायले निघालोच!"

आणि रेंज गेली, ती नांदेडपर्यंत आलीच नाही.

साडेचारला मंगल कार्यालयात पोचलो, तर हॉलमध्ये फक्त नवरी आणि तिची आजी. नवरीचे डोळे रडून लाल झालेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाकीचे कुठं आहेत?"

"तुम्हालाच आणायला विमानतळावर गेलेत," आजी म्हणाली. "बारा वाजल्यापासून!"

बायकोला तिथंच ठेवून ऑटोनं विमानतळ गाठला. दोन्हीकडची मंडळी फाटकाबाहेर उन्हात बसलेली. मामाजी हार घेऊन आभाळाकडे डोळे लावून उभे.

"मामाजी!" मी मागून हाक मारली.

"थांबा जरा," मागे वळून न पाहता ते म्हणाले, "आमचे जवाई उतरून राह्यले."

त्यानंतर काय ऐकून घेतलं, ते लिहिण्याजोगं नाही. शेवटी व्याह्यांनाच हसू फुटलं. सहा वाजता अंगठी नवरीच्या बोटात गेली आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून घरात मी काहीही शपथेवर सांगू लागलो, की बायको विचारते, "इमानानं सांगून राह्यले, का एस.टी.नं?"