तारमास्तरांची केस

डॉक्टरांना विद्यार्थी पाठीमागे ‘तारमास्तर’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होते. तारेतल्यासारखे प्रत्येक शब्दाला पैसे पडावेत अशा काटकसरीने ते बोलत. सकाळच्या फेरीत शिकाऊ डॉक्टर रोग्याची हकिकत मांडू लागला, की तिसऱ्या वाक्याला त्यांचा हात वर होई. वय, तक्रार, सापडले काय, पुढे काय. बाकी सारे पाल्हाळ. ‘एन.ए.डी.’ म्हटले की निरोगी छाती त्यात मावे. ‘सी.ए.’ या दोन अक्षरांत कर्करोग मावे, तोही रोग्याच्या उशाशी, त्याची पापणी न हलू देता. दोन डॉक्टर जिन्यात भेटले, तर चार पायऱ्या उतरेपर्यंत एका माणसाचे काळीज आणि मूत्रपिंडे उलगडून होत, शिवाय हसायलाही वेळ उरे. घरी जेवताना फोन आला तरी तेच. पत्नी म्हणे, “तुमच्या बोलण्यात क्रियापद शोधायचं तर दिवा लावावा लागतो.”

काय दिवस होते ते!

आता त्याच इस्पितळात ते स्वतः खाटेवर होते. अंग पिवळे पडलेले, खाजेने जीव मेटाकुटीला आलेला. बहात्तराव्या वर्षी दुखणे येणारच, त्याचे त्यांना वैषम्य नव्हते. वैषम्य होते ते ‘आजोबा’ या संबोधनाचे. तरणा डॉक्टर येई, खांद्यावर हात ठेवी, “आजोबा, पोटात थोडी सूज आहे, काळजी करू नका,” असे बाळाला चमचा भरवावा तशा सुरात सांगे, आणि बाहेर जाऊन, दार लोटून, सोबत्यांशी ती जुनी आखूड भाषा बोले. रोग्याला विश्वासात कसे घ्यावे याचे हल्ली वर्ग भरतात म्हणे. त्यांत खरे सांगणे हा विषय बहुधा ऐच्छिक असावा. रिपोर्ट मागूनही मिळाले नव्हते. “मोठ्या मॅडम बोलतील,” एवढेच उत्तर. आपल्याला काय झाले आहे हे डॉक्टरांना जाणायचे होते, आणि ते डॉक्टर म्हणून जाणायचे होते. जन्मभर ज्या पंगतीत मानाने बसलो, तिच्यातून आपल्याला हळूच उठवले आहे, हे त्यांना खाजेहून अधिक सलत होते.

मोठ्या मॅडम म्हणजे त्यांचीच विद्यार्थिनी. पहिल्या फेरीत तिने रोग्याच्या सुनेचे भांडणसुद्धा सांगितले होते, तेव्हा तारमास्तरांनी सर्वांदेखत तिला कादंबरी छापायला देण्याचा सल्ला दिला होता. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी दोन श्वासांत केस मांडून मोकळी झाली.

ती दुपारी आली. खुर्ची ओढली नाही, हात धरला नाही. खाटेच्या पायथ्याशी ताठ उभी राहिली.

“बहात्तर, पुरुष. महिनाभर कावीळ, वजन उतरलेलं. सी.ए. पॅनक्रियाज. लिव्हरमध्ये पसरलाय, दोन्ही बाजूंना. इनऑपरेबल, सर.”

डॉक्टर उशीवरून सरकून नीट बसले. “स्टेंट?”

“उद्या सकाळी. कावीळ उतरेल, खाज थांबेल.”

“पुढे?”

“महिने. वर्ष नाही.”

“केस बरी मांडलीस,” डॉक्टर म्हणाले. एवढी स्तुती त्यांनी उभ्या हयातीत कुणाची केली नव्हती. तिने रिपोर्ट त्यांच्या हाती दिले आणि ती बाहेर गेली. दाराबाहेर तिची पावले मात्र बराच वेळ वाजली नाहीत.

पत्नी इतका वेळ पलीकडे कपाटाशी टॉवेलांच्या घड्या घालत होती. शेजारचा रेडिओ ऐकावा तशी ही भाषा तिने जन्मभर ऐकली होती. कानांवर सगळे पडे, पदरात काही नाही.

“काय म्हणाली हो ती? खुशीत दिसताय.”

डॉक्टर खरोखरच खुशीत होते. उत्तरासाठी त्यांनी तोंड उघडले, तर जिभेवर तीच अक्षरे आली. हिला ती देऊन भागणार नव्हते. रोग्यांच्या बायकांना हे सांगण्याचे काम ते नेहमी शिकाऊ पोरांवर सोपवून जिना उतरून जात.

“बस इथे,” ते म्हणाले. ती टॉवेल हातात तसाच धरून बसली.

“माझ्या पोटात...” ते थांबले. मग त्यांनी मुळापासून सुरुवात केली. “महिन्यापूर्वी मला जेवण जाईनासं झालं होतं, आठवतं तुला? तिथून सांगतो.”