डावा डोळा

मासे टिकत नाहीत. घरी येईपर्यंत निम्मे शेजाऱ्यांकडे जातात, उरलेले कढईत. किस्से मात्र साठत राहतात! आमच्या रविवारच्या गळवाल्या टोळीचे इतके साठलेत की चहाला बसलं की एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो. फक्त हल्ली आम्ही ते दिवसाउजेडीच सांगतो.

टोळी म्हणजे मी, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सवाला; नाना, बँकेतून रिटायर; मिलिंद, शाळामास्तर; आणि पूर्णगडचे हसनचाचा, ज्यांची बोट आम्ही एप्रिल-मेमध्ये भाड्याने घेतो. तेव्हा समुद्र शांत असतो आणि सुरमई जोरात असते. बोट हळू चालवायची, मागे गळ सोडायचे आणि गप्पा हाणायच्या.

*

नानांनी एकदा फिश फाइंडर आणला. पाण्याखालचा मासा स्क्रीनवर दाखवणारं यंत्र! पहिल्याच दिवशी बोटीखाली भलामोठा आकार दिसला. बोट वळली की तो वळे, थांबली की थांबे. नाना जाम खूश. चाचा मात्र स्क्रीनकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "नाना, त्यावर रुमाल टाका बगू. तुमी त्याला बगताव, म्हणून ता आपल्याला बगताय."

आम्ही खो खो हसलो. परत आल्यावर आवराआवर करताना मिलिंदने नानांच्या पिशवीतून एक वायर काढली. टोकाला सेन्सर, पॅकिंगसकट. तो पाण्यात सोडल्याशिवाय यंत्राला खालचं काहीही दिसत नाही.

"नाना," मिलिंद म्हणाला, "हा तर दिवसभर पिशवीतच होता!"

नानांनी ते यंत्र भाच्याला देऊन टाकलं. भाचा चिपळूणला राहतो आणि मासे खात नाही.

*

दुसरा किस्सा माझा. माझ्या गळाला काहीतरी लागलं, पण पळेना. मासा लागला की रीळ ओरडतं, रॉड वाकतो. हे नुसतंच धरून बसलेलं. मी ओढलं की तेही ओढायचं, बेताने. मग अचानक दोरी हलकी झाली.

"तुटली!" मी वैतागून गुंडाळली. चाचांनी टोक हातात घेतलं, उन्हाकडे धरून पाहिलं. टोक तुटलेलं नव्हतंच. सकाळी मी मारलेल्या गाठीची वळणं तेवढी दोरीवर दिसत होती.

"मासा दोरी तोडतो रे," चाचा म्हणाले. "गाठ सोडवत नाय."

त्या दिवशी आम्ही लवकर घरी आलो.

*

मिलिंदचं सगळंच निराळं. गळाला लावायला तो बाजारातलं आमिष वापरायचा नाही. पांगाऱ्याच्या लाकडाचे मासे स्वतः कोरायचा आणि त्यांना डोळे काढायचे ते सुजातावहिनींच्या लाल नेलपॉलिशने. उजवा डोळा वहिनींनी काढायचा, डावा त्याने, असा त्यांच्या घरचा नियम! त्याचा हात कापायचा, म्हणून डाव्या डोळ्याचा रंग नेहमी खाली ओघळायचा. "हिचा डोळा हसरा, माझा रडका," तो म्हणायचा.

त्यांच्याकडे गेलं की हे मासे खिडकीच्या गजांना टांगलेले असायचे. आपण कौतुकाने हात पुढे केला की आतून वहिनींचा आवाज यायचा, "हात लावू नका, ओला आहे!"

मिलिंदने एकदा एक गोबरा मासा पकडला. शेपटीला खाच होती. लहान होता म्हणून सोडून दिला. तासाभराने, पार दुसऱ्या खडकावर, पुन्हा तोच! मिलिंद मास्तरच, म्हणाला, "काय बाळ, पुन्हा हजर?" परत सोडला. दुपारी तिसऱ्यांदा तोच आला. या वेळी सोडल्यावर तो गेलाच नाही. बोटीला लागून, मिलिंदकडे तोंड करून थांबला.

"याला काहीतरी सांगायचंय," मिलिंद हसत म्हणाला.

चाचांनी बोट फिरवली.

*

पुढच्या रविवारी मिलिंद गेला. गेला म्हणजे काय, ते मला अजून कळत नाही. भर दुपार, समुद्र सपाट. चाचा सुकाणूवर, नाना डुलक्या घेत होते, मी बर्फाच्या पेटीतून पाण्याची बाटली काढत होतो. वळून बघतो तर मिलिंद नाही. पाण्याचा आवाज नाही, हाक नाही. चपला शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या.

गावच्या सगळ्या बोटी शोधायला आल्या. काही सापडलं नाही. मला भीती वाटते, त्याहून जास्त त्याचा राग येतो. असं कोणी जातं का?

*

यंदा वर्ष झालं. मिलिंदच्या आईला पुण्यानुमोदनाचा, गेलेल्या माणसासाठी करतात तो विधी करायचा होता. वहिनी तयार होत नव्हत्या. "देह नाही, काही नाही. कशावरून गेला?" एवढंच म्हणायच्या. शेवटी एक दिवस त्या मलाच म्हणाल्या, "त्याने कोरलेला शेवटचा मासा राहिलाय. मी येते बोटीवर. तो त्याला देते, मग विधीला बसते."

चाचा बाईमाणसाला सहसा बोटीवर घेत नाहीत. या वेळी त्यांनी स्वतः हात देऊन वर घेतलं.

वहिनींनी लाकडी मासा आमच्या हातात दिला. उजवा डोळा रंगवला होता. डावी बाजू कोरी. "ती त्याची," त्या म्हणाल्या. आम्ही तिघांनीही तो उलटसुलट करून पाहिला. मग मिलिंदच्याच रॉडला बांधून त्यांनी तो पाण्यात सोडला. दोर लांब गेला की कापायचा, असं ठरलं होतं. नाना सुरी घेऊन उभे होते.

दोर ताठ झाला. मासा लागल्यासारखा नाही. नुसतं कोणीतरी धरल्यासारखा. चाचांनी इंजिन बंद केलं.

"कापू?" नानांनी विचारलं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "त्याला वेळ लागतो."

बऱ्याच वेळाने दोर सैल पडला. वहिनींनी सावकाश गुंडाळला. लाकडी मासा वर आला, पाणी निथळत. दाताची एक खूण नव्हती. वहिनींनी तो फिरवला. डाव्या बाजूला लाल डोळा होता, खाली ओघळलेला.

नानांनी नकळत हात पुढे केला.

"हात लावू नका," वहिनी म्हणाल्या. "ओला आहे."