दुसऱ्याच्या प्रार्थनेचं आमेन

आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत एक पद्धत आहे. गोल बसायचं, डोळे मिटायचे आणि एकापाठोपाठ एकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. ज्याची प्रार्थना, त्यानंच आधी आमेन म्हणायचं. मग बाकीचे आमेन म्हणतात आणि पाळी पुढं जाते. कुणाला प्रार्थना करायची नसेल तर त्यानं शेजारच्याच्या हातावर हलकी थाप मारायची. ही पद्धत मीच घालून दिलेली. सगळी नोकरी शाळेत शिकवण्यात गेली, पाळी आणि रांग असल्याशिवाय मला करमत नाही.

त्या बुधवारी सभा माझ्याच घरी होती, मुकुंदवाडीत. संदेशही मीच दिला. विषय होता धीर. देव उशीर करत नाही, आपणच उतावीळ होतो, वाट पाहिल्याशिवाय विश्वास मुरत नाही, असं बरंच बोलले. दोघीतिघींनी वहीत लिहूनही घेतलं. त्या वह्या आठवल्या की अजून कानशिलं तापतात.

माझ्या डाव्या हाताला आमच्या गल्लीतले काका बसले होते, त्यांच्या पलीकडे काकू. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, एके काळी खणखणीत आवाजाचे. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ काही सावरली नाही. एकेक शब्द ओठांवर यायला मिनिट लागायचं. त्यामुळे पाळी आली की ते माझ्या हातावर थाप मारायचे आणि मी सुरू व्हायचे. त्या दिवशी थाप आली नाही.

"प्रभू," ते म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. "तुझे... आभार." पुन्हा शांतता. "आमची... आमची..."

एवढ्यात मोरीतल्या नळानं फुर्र केलं. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, तेही कधी येईल आणि किती वेळ टिकेल याचा भरवसा नाही. पाण्याआधी पाइपातून हवा येते, तो आवाज इथं झोपेतही ओळखू येतो. माझी टाकी तळाला गेली होती. काका अजून 'आमची'वरच होते.

मी आमेन म्हणाले. मोठ्यानं, तास संपल्यावर वर्गात बोलावं तसं.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. काकांनी हळूच आमेन म्हटलं असणार असं समजून बाकीच्यांनीही आमेन म्हटलं. "पाणी आलं," मी म्हणाले आणि उठलेच. दोघी बायका पाइप ओढायला आल्या, थट्टामस्करी करत आम्ही टाकी भरली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. इथं पाषाण कोरडासुद्धा नव्हता, पदर खोचून पाणी भरत होता.

काकांचं संपलं असं मला वाटलं, असं लिहिता आलं असतं. पण ते खोटं होईल. ते शब्द शोधत होते हे मला पक्कं माहीत होतं.

ओल्या हातांनी बाहेर आले तेव्हा काका तसेच बसले होते, डोळे मिटून. काकूंनी त्यांना उठवलं, पायात चपला घातल्या. "सलाम, बाई," म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या.

रविवारी उपासना सुटल्यावर मी काकूंना गाठलं. रागावलात का, विचारलं.

"राग कशाचा, बाई," त्या म्हणाल्या. "पोरीचं नाव घ्यायचं व्हतं त्यांना."

त्यांच्या मुलीनं मंडळीबाहेर, ख्रिस्ती नसलेल्या मुलाशी लग्न केलं होतं. ती फुलंब्रीला राहते, इथून तासाभराच्या वाटेवर. नऊ वर्षं काकांनी घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

"झटका आल्यापासून लई मऊ झालेत," काकू सांगत होत्या. "महिनाभर माझ्यासमोर बसून सराव केला. नाव काय तोंडात बसत नव्हतं. मग तेच म्हणले, सभेत देवासमोर घेतो, मग तिला फोन लाव."

"मग आता लावा ना फोन."

"म्या म्हणलं तसं. ते म्हणतेत, आमेन झालं."

काकू चार शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नऊ वर्षं त्यांनी कुरकुर न करता वाट पाहिली होती, आणि धीरावर संदेश मी देत होते.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. "काका, तुमचं संपलं नव्हतं हे मला माहीत होतं," मी म्हणाले. "तरी मी आमेन म्हटलं. मला माफ करा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले. "बाई... तु... तुम्ही..."

मी थांबले. पंखा फिरत होता. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता, आणि मला ते सहन होईना.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असंच ना काका?"

काकूंनी हातातला कप खाली ठेवला. काकांनी तोंड मिटलं, जरा वेळानं मान हलवली, हो म्हणून.

मी हलकी होऊन निघाले. गल्लीच्या वळणावर पोचेपर्यंत ते हलकेपण गेलं. माफी मागितली मी, आणि त्यांच्या तोंडून देऊनही मोकळी झाले मीच.

आता रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडं जाऊन बसते. बोलत नाही. हे मला फार जड जातं, आणि जड जातं याचीच लाज वाटते. काका कधी कधी "तुम्ही" म्हणतात आणि अडतात. मी जीभ दातांखाली धरून बसते. काकू माझ्याकडं बघत नाहीत, काकांच्या ओठांकडं बघतात. फुलंब्रीला अजून फोन गेलेला नाही.