इग्वानाच्या पेटीच्या मागच्या कडा

नाईकसाहेबांनी पेटीच्या तळाची फळी काउंटरवर आडवी ठेवली. तिची मागची कड चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली होती. मी हळूच बोट लावलं. बोटाला ओला भुसा लागला.

"वीस दिवसांत ही दशा, आप्पा," नाईकसाहेब म्हणाले. "आता रविवारी निपाणीचा माणूस येऊन आमच्या इग्वानाला घेऊन जाणार. आईनं शब्द दिलाय त्याला."

आप्पा म्हणजे आमचे मालक. बेळगावात त्यांचं प्लायवूडचं दुकान आहे आणि मागे कटिंगची शेड. मी शेडमध्ये कडा चिकटवते. बोर्ड कापला की आतला भुसा उघडा पडतो. त्या कडेवर प्लास्टिकची बारीक पट्टी चिकटवायची, ठोकळ्यानं दाबायची आणि जास्तीची पात्यानं छाटायची. सात वर्षं हेच करते. गावाहून सकाळच्या बसनं येते, संध्याकाळच्या बसनं जाते.

नाईकसाहेब कोर्टात क्लार्क आहेत. त्यांच्याकडे एक इग्वाना आहे. दिसायला आपल्या घोरपडीसारखा, पण हिरवागार आणि परदेशी. त्यांच्या आईनं रंगावरून त्याचं नाव पोपट ठेवलंय. पहिल्यांदा ते आले तेव्हा आप्पांनी आधी विचारलं होतं, "साहेब, कागद हाईत न्हवं?" साहेबांनी पिशवीतून नोंदणीचे सगळे कागद काढून दाखवले. कोर्टातला माणूस, त्यांनी झेरॉक्सपण आणली होती.

पोपटाची काचेची पेटी त्याला लहान पडत होती. थंडीत काच गार व्हायची आणि तो खायचा बंद झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, ऊब पाहिजे आणि हवेत ओल पाहिजे, नाहीतर ही थंडी त्याला जड जाईल. तोवर तो चुलीजवळच्या टोपलीत झोपायचा. साहेबांची आई कंटाळली होती. "त्याला घर कर, न्हायतर घर बघून दे," असं तिनं सांगितलं होतं.

म्हणून त्यांना कपाटाएवढी पेटी करायची होती. चार फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल. समोर सरकती काच.

बोर्ड निवडायला त्यांनी अर्धा दिवस लावला. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला बोर्ड. तो जड असतो, पण पाण्याला टिकतो. दुसरा भुशाचा बोर्ड. त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यातूनच गुळगुळीत कागद चिकटून येतो. तो हलका, ओल्या फडक्यानं पुसता येतो, ऊबही धरतो. साहेबांनी भुशाचाच घेतला, सागाच्या रंगाचा.

ते गेल्यावर मी त्या बोर्डावर हात फिरवत उभी होते. तो साग नव्हताच. सागाचा फोटो होता. रेषा, गाठी, सगळं छापलेलं. शेडच्या पत्र्यातल्या फटीतून सकाळचं ऊन येत होतं आणि त्यात भुसा तरंगत होता, हळूहळू, जणू खाली यायची घाई नाही. मला वाटलं, ज्याच्या बापजाद्यांनी समुद्रापलीकडचं रान बघितलं, तो आता झाडाच्या फोटोत राहणार. त्याला कळेल का? तो डोळे मिटेल तेव्हा त्याला खरं झाड दिसत असेल का? असलं काहीतरी मनात येत होतं.

"सुमनआक्का, जागी हाईस न्हवं?" मारुतीअण्णा ओरडले. अण्णा आमचे कटिंग मास्तर. मशीनचं पातं प्रत्येक कापाला एक सूत खातं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अण्णा ते सूत डोक्यातच धरतात. त्यांची फळी कधी कमी पडत नाही.

आमच्या शेडची एक रीत आहे. अण्णा फळी कापतात आणि ज्या कडेला पट्टी लावायची, तिथं लाल पेन्सिलीनं खूण करतात. खूण फक्त दिसणाऱ्या कडांना. कपाटाची मागची कड भिंतीकडं जाते, खालची जमिनीकडं. त्यांना कोण बघणार? त्या उघड्याच राहतात. त्या दिवशीही अण्णांनी पाच फळ्यांपैकी पाठ सोडून बाकी चारांच्या पुढच्या कडांना खुणा केल्या.

पण साहेब काउंटरवर आप्पांना सांगत होते ते मी ऐकलं होतं, "आत रोज सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायचं आहे." आप्पांचं लक्ष फोनवर होतं. अण्णा मशीनवर होते. ऐकलं ते मी एकटीनं. आणि उघड्या भुशाला पाणी लागलं की काय होतं ते मला ठाऊक होतं. माझ्याच घरी पाण्याच्या पिंपाखालची फळी अशीच गेली होती.

मी पट्टी हातात घेऊन उभी राहिले. सांगावं वाटलं. पण मशीन चालू असताना माझा आवाज कुणाला ऐकू येत नाही आणि मशीन बंद असताना तो मलाच नको वाटतो. मी चौथी शिकलेली. अण्णांच्या खुणेवर मी काय बोलायचं? खुणा होत्या तिथंच पट्ट्या लावल्या.

आणि आता ती फळी परत आली होती.

"साहेब, पाण्यात भिजवलं तर बोर्ड फुगणारच," आप्पा म्हणाले. "ह्यात आमची चूक न्हाय."

साहेबांनी फुगलेल्या कडेवरून बोट फिरवलं. फळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "परवा जरा खायला लागला होता हो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आप्पा, मला ठाऊक हुतं."

सगळे माझ्याकडं वळले.

"साहेब पाणी फवारायचं म्हणाले हुते. मी ऐकलं. मागच्या कडांना पट्टी पायजे हुती."

"ठाऊक हुतं?" अण्णा म्हणाले. "मग काय मूग गिळून बसलीवतीस व्हय?"

"खुणा तुमच्या हुत्या, अण्णा."

अण्णांनी कानामागची लाल पेन्सिल काढली आणि माझ्यापुढं धरली. "घे. आज खुणा तू कर."

तळ नवा घ्यायचा ठरला, प्लायवूडचा, वरून सनमायका लावून. बाकीच्या चार फळ्या साहेबांनी दुपारी रिक्षातून आणल्या. बाजूच्या दोन खाली थोड्या फुगल्या होत्या. अण्णांनी दोन्हींचा आणि पाठीचाही खालून अर्धा इंच कापून टाकला. "पोपटाला सांगा, छत जरा खाली आलंय," ते म्हणाले. साहेब पहिल्यांदा हसले.

मी खुणा केल्या. पाच फळ्या, प्रत्येकीच्या चार कडा. एकही सोडली नाही. तो मंगळवार होता. बुधवारी अण्णांनी साहेबांच्या घरी पेटी जोडली आणि आतले सांधे सिलिकॉननं भरले. त्याचा वास उग्र असतो. तो जाईपर्यंत प्राणी आत सोडायचा नाही. पेटी तीन दिवस गच्चीवर उघडी ठेवली.

रविवारी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी जाणार नव्हते. अण्णाच म्हणाले, "चल गं, तुझं काम तूच बघ."

निपाणीचा माणूस आधीच येऊन बसला होता, मांडीवर जाळीचा पिंजरा घेऊन. साहेबांच्या आईनं पेटीत हात घालून तळ चाचपला, मग मागचा कोपरा. आत उबेसाठी दिवा लावून ठेवलेला होता. साहेबांनी पोपटाला टोपलीतून उचलून पेटीतल्या फांदीवर ठेवलं.

बराच वेळ तो हललाच नाही. आम्हीही हललो नाही. काचेच्या आत दिव्याचा पिवळा उजेड होता आणि फवारलेल्या पाण्याचे थेंब छापलेल्या सागावरून ओघळत होते. मला वाटलं, आपण सगळे कुठल्यातरी लांबच्या रानात बसलोय आणि दुपार झाली आहे. मग तो एकेक पाय उचलत वर चढला, दिव्याखाली पोट टेकून पसरला. आईनं दारातलं जास्वंदीचं फूल आणून त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते खाल्लं, पाकळ्या सगळ्या, देठासकट.

निपाणीच्या माणसानं चहाची बशी खाली ठेवली. "मावशी, हितं बरा दिसतोय की ओ. कशाला हलवताय?"

"व्हय, पण आता तुला हेलपाटा पडला की," आई म्हणाली. आणि दुसरं फूल आणायला गेली.

ती थंडी पोपटानं काढली. पेटीच्या कडा अजून सरळ आहेत. साहेब अधूनमधून येऊन सांगतात.

दुकानात लाल पेन्सिल अण्णांच्याच कानामागं असते. पण खुणा करण्याआधी ते माझ्याकडं बघतात आणि मी गिऱ्हाइकाला विचारते, "ह्याला पाणी लागणार हाय काय?" दिवसभरात मी गिऱ्हाइकाशी एवढंच बोलते. त्यानंतर फळी परत आलेली नाही.